चूक कोणाची, हे कोणी विचारलंच नाही

माझ्या उजव्या मांडीत एक सळई आहे. हाडाच्या आत बसवलेली, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. थंडी पडली की मात्र ती आहे हे कळतं. मला पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "मॅडम, तुम्ही तुमचा अनुभव लिहा ना. नवे पेशंट फार घाबरलेले असतात, त्यांना धीर येईल." तिला वाटलं असणार, मी जिद्दीविषयी वगैरे लिहीन. मी एकोणतीस वर्षं गणित शिकवते आहे. जिद्दीवरचे निबंध तपासायचं काम आमच्याकडे मराठीच्या बाईंकडे असतं. मी फक्त झालं ते लिहिणार आहे. त्यातून धीर येईल की नाही, सांगता येत नाही. पण माझ्यासारखं कोणी पलंगावर पडून छताकडे बघत असेल, तर छताकडे बघताना काय काय दिसतं ते मला माहीत आहे, एवढं त्याला कळेल.

शनिवार

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, पण मुख्याध्यापिकाबाईंची मीटिंग लांबली आणि मला निघायला पाऊण वाजला. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न. माझा ब्लाउज द्वारका चौकाच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर एका शिंप्याकडे तयार होऊन पडला होता आणि तो एक वाजता दुकान बंद करून जेवायला जातो. एकदा गेला की चारशिवाय उगवत नाही.

रीतसर जायचं तर पुढे द्वारकेपर्यंत जा, तिथल्या गर्दीत ताटकळत उभे राहा, वळसा घाला आणि परत या. मी तसं केलं नाही. माझी स्कूटी सरळ सर्व्हिस रोडला उलट्या बाजूने घातली. अंतर किती, तर शाळेच्या मैदानाएवढं. त्या रस्त्यावर सगळेच उलटे येतात, मीही आले. आणि हेही सांगून टाकते की दरवर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात आमच्या शाळेत मुलांना हात पुढे करायला लावून शपथ देते ती मीच. "मी विरुद्ध दिशेने वाहन चालवणार नाही," हे वाक्य मी खणखणीत आवाजात म्हणते आणि मागच्या रांगेतलं कोणी हसलं तर त्याला बाहेर काढते.

हमरस्त्यावरून एक पांढरी कार सर्व्हिस रोडला आत वळली. चालवणारा माणूस ज्या बाजूने गाड्या यायला हव्यात तिकडे बघत होता. मग क्षणभर त्याची मान खाली गेली. मी त्याला बघितलं. त्याने मला बघितलं नाही.

मी हॉर्न वाजवला. हे मला इतकं स्वच्छ आठवतं की नको वाटतं. उलट्या बाजूने मी आलेली, आणि जोरात हॉर्नही मीच वाजवला, जणू तोच माझ्या वाटेत आला होता.

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पाय मात्र माझा आहे असं वाटेना. तो माणूस पळून गेला नाही. दोन रिक्षावाल्यांना हाताशी धरून त्याने मला आपल्याच गाडीत घातलं आणि दवाखाना येईपर्यंत एकच बोलत राहिला, "ताई, माझी चूक झाली. माझं लक्ष नव्हतं हो. माझीच चूक."

मी ते ऐकत होते. तेव्हा वेदनेमुळे बोलता येत नव्हतं, हे खरं आहे. नंतर बोलता येत होतं.

जबाब

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. त्याच सकाळी मुख्याध्यापिकाबाई पपई घेऊन येऊन गेल्या होत्या. "तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाईंवर अशी वेळ यावी!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता. माझे यजमान, अरविंद, पलंगाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. कुठल्या अवस्थेत उभे होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तीन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती.

हवालदारांनी विचारलं, "बाई, धडक कशी झाली?"

मी म्हणाले, "मला काही आठवत नाही."

त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. त्यांनाही बरंच वाटलं असावं, कागद लवकर पुरा झाला. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "गाडीवाल्यानं कबूल केलंय. मोबाइलकडे बघत होता." त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी सही केली. सही नेहमीसारखी, वळणदार आली.

डबा

दवाखान्यातले दिवस सगळे एकाच साच्याचे असतात. सकाळी सहाला मावशी येऊन अंग पुसून जायच्या, मग बेडपॅन, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. डॉक्टर बोट दाखवून म्हणत, "अंगठा हलवा." मी हलवायची. ते "छान" म्हणून पुढच्या पलंगाकडे जात. दुसऱ्यांदा बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून मी पाणी कमी प्यायची आणि मावशींची बोलणी खायची. पण त्याच मावशी चौथ्या दिवशी कोणी न सांगता माझे केस विंचरून, वेणी घालून गेल्या. त्या वेणीने मला जेवढं रडू आलं तेवढं हाड मोडल्याने आलं नव्हतं.

दर दोन दिवसांनी तो माणूस यायचा. त्याचं नाव दिलीप. कळवणला त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. दोन तासांचा रस्ता कापून तो डबा घेऊन यायचा: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, एकदा चक्क मांडे, कापडात गुंडाळून. अरविंद त्याच्याशी बोलायचे नाहीत. तो आला की ते उठून बाहेर जायचे. एकदा मी म्हणाले, "अहो, निदान चहा तरी विचारा."

"त्याच्यामुळे तू इथं पडलीस, आणि मी त्याला चहा पाजू?"

मी भिंतीकडे तोंड केलं. दुखतंय असं वाटून ते नर्सला बोलवायला गेले.

वॉकरवर उभं करायला लागले तेव्हा दवाखान्याने माझ्यासाठी पट्ट्याचे सॅंडल मागवले. मला वाकता येत नव्हतं. दिलीप असला की तो खाली बसायचा आणि माझ्या पायात सॅंडल घालून पट्टा लावायचा. "आवळलं तर नाय ना, मॅडम?" असं दर वेळी विचारायचा. त्याच्या डोक्यावरचा भोवरा मला वरून दिसायचा. मी तो बघत बसायची, आणि कानात माझाच हॉर्न वाजायचा.

हा हॉर्न अजून वाजतो. भर दुपारी, कुकरची शिट्टी झाली की त्याच्या मागोमाग. त्यावर गोळी नाही. विचारून झालं आहे.

दोन वाटा

विम्याचं सांगते, कारण ते उपयोगाचं आहे आणि आम्हाला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. धडक देणाऱ्या गाडीचा विमा असतो तो दुसऱ्यांना झालेल्या इजेसाठीही असतो. अरविंदांच्या ओळखीचे एक वकील दवाखान्यात आले आणि त्यांनी दोन वाटा समजावल्या. पहिली वाट अशी, की गाडीवाल्याची चूक होती हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचं. साक्षी, पुरावे, तारखा. भरपाई जास्त मिळू शकते, पण वेळ लागतो. दुसऱ्या वाटेत चूक कोणाची हे सिद्ध करायचंच नसतं. गाडीमुळे गंभीर इजा झाली एवढं दाखवायचं, कायद्याने ठरवून दिलेली रक्कम विमा कंपनी देते. दवाखान्याचा खर्च त्यातून भागवायचा. पोलिसांच्या कागदांच्या प्रती, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं आणि त्या गाडीच्या विम्याची प्रत, एवढं पहिल्या दिवसापासून एका पिशवीत जपून ठेवा. आमची औषधांची निम्मी बिलं हरवली होती.

"म्हणजे दुसऱ्या वाटेत कोणी काही विचारत नाही?" मी म्हणाले.

"चुकीबद्दल? नाही. तो प्रश्नच येत नाही."

अरविंद म्हणाले, "मग आपण पहिलीच घ्यायची. त्याने स्वतः कबूल केलंय."

मी म्हणाले, "दुसरी."

माझा आवाज वर्गात असतो तसा झाला होता, म्हणून अरविंदांनी वाद घातला नाही. पण ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, किती मोठं मन तुमचं! दुसरी असती तर त्या माणसाला कोर्टात उभं केलं असतं." शाळेत स्टाफरूममध्ये म्हणे माझं उदाहरण दिलं गेलं. आणि दिलीप आला, त्याने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मोडलेल्या पायाला, अलगद.

तेव्हा मला उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, औषध सोसलं नाही.

दारातल्या चपला

घरी आले. एप्रिल लागला होता. एका रविवारी दुपारी दिलीप त्याच्या आईला घेऊन आला. हिराबाई. ठेंगण्या, काटक, नऊवारीतल्या, डोक्यावरून पदर. मला बघायचं म्हणून हट्ट करून आल्या होत्या. त्या आत आल्या, माझ्या पलंगाजवळ जमिनीवर बसल्या आणि पाय बाजूला घेतले तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. टाचांना भेगा होत्याच, त्या कोणाला नसतात. पण चवड्यांवर फोड फुटून कातडी सुटली होती आणि त्यावर हळद दाबलेली होती.

पलंगावरून मला उघडं दार दिसत होतं. उंबऱ्याबाहेर दिलीपचे बूट होते, आमच्या चपला होत्या. त्यांची चप्पल नव्हती.

"आईंना काय झालं पायांना?"

दिलीपने मान खाली घातली. "मॅडम, त्या दिवशी मोबाइल वाजला ना, तो आईचाच फोन होता. मी नाव बघितलं आणि…" त्याने आईकडे बघितलं. "आईनं गडावरच्या देवीला नवस बोललाय."

"माझ्या फोनानं झालं बाई समदं," हिराबाई म्हणाल्या. "दूध नासलं म्हून फोन केला व्हता. येताना दूध आन, एवढं सांगायला. तुमी कुबडीबिगर चालल्या का मंग मी पायात घालीन. तवर नाय."

बाहेर उन्हात डांबर मऊ पडलं होतं. गेटपासून आमच्या जिन्यापर्यंत त्या त्यावरून चालत आल्या होत्या.

मी म्हणाले, "सरबत घ्या."

खरंच, एवढंच म्हणाले. ह्या सगळ्या लिखाणात मला सगळ्यात जास्त लाज ह्या दोन शब्दांची वाटते.

चालणं

त्यानंतर मी व्यायाम असा काही करायला लागले की फिजिओथेरपिस्ट घाबरली. "मॅडम, सावकाश, सळई नवीन आहे." मी दात ओठ खाऊन पाय उचलायची. बघणाऱ्याला जिद्द वाटली असती. मला फक्त कळवणच्या एका अंगणात अनवाणी फिरणारी बाई दिसत होती. मी पाय टेकला की तिचा भाजायचा. मग मध्येच एखाद्या दिवशी मला नको व्हायचं. कारण मी चालले की नवस पुरा होणार, त्या चप्पल घालणार, देवीला नारळ फोडणार आणि सगळं मिटणार. एका खोटेपणावर इतकं छान मिटणार. अशा दिवशी मी पलंगावरून उठायची नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणायची, "एक दिवस पुढे, दोन दिवस मागे, असं कसं चालेल?"

अनवाणी पावलांचा आवाज तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकला आहे का? फरशीवर तो फार हलका असतो. आमच्या घरात सगळे अनवाणीच असतात. तरी कोणी स्वयंपाकघरातून आलं की मी दचकून दाराकडे बघायची.

मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी मी अरविंदांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. मी म्हणाले, "अहो, मी राँग साइडने येत होते. मला सगळं आठवतंय. पहिल्या दिवसापासून आठवतंय."

त्यांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. तसं ते आयुष्यभर म्हणत आलेत. ते म्हणाले, "मी तीन महिने त्या माणसाशी धड बोललो नाही. दवाखान्यात तो खुर्चीवर बसला तर ती खुर्ची मी नर्सकरवी उचलायला लावली होती. तू बघत होतीस."

"हो."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी गाडी काढून मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. मी नवा जबाब लिहून दिला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, आता कशाला?" तरी घेतला. दिलीपवरच्या केसमध्ये तो जाईल, त्याला उपयोग होईल, असं म्हणाले. वकिलांनाही फोन केला. मला वाटलं होतं, दावा तरी बुडेल. मला तो बुडायला हवा होता. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या दाव्याला काही होणार नाही. तिथे चूक बघतच नाहीत, सांगितलं होतं ना."

म्हणजे खरं बोलण्याचीही मला काही किंमत मोजावी लागली नाही. आता फक्त कळवण राहिलं होतं.

कळवण

आम्ही मेच्या शेवटी गेलो, दुपारी पोहोचलो. अरविंदांनी गाडी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली लावली. तिथून घरापर्यंत मोकळं, सिमेंटचं अंगण. मी काठी गाडीतच ठेवली आणि चालत गेले.

हिराबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि सूप बाजूला सारलं. "चालती आली माझी माय," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात गालांना लावून रडायला लागल्या. दिलीप आतून धावत आला. त्याने ओट्याच्या कडेला खाली बसून माझे सॅंडल काढले, नेहमीसारखे. मग आत गेला आणि एक खोका घेऊन आला. नव्याकोऱ्या चपला होत्या, साध्या, काळ्या. तयारच ठेवल्या होत्या. त्या त्याने आईच्या पायांपुढे मांडल्या.

हिराबाईंनी पाऊल उचललं. मी म्हणाले, "थांबा."

आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. शिंपी, सर्व्हिस रोड, हॉर्न, जबाब, सगळं.

दिलीप म्हणाला, "म्हणजे तुमी समोरून येत व्हत्या?"

"हो."

"आन आठवत नव्हतं ते?"

"आठवत होतं."

तो उठला. भिंतीशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. तिथे काही नव्हतं, एक खुंटी होती.

हिराबाईंनी विचारलं, "मंग माझा फोन?"

"तुमच्या फोनने काही झालं नाही, आई. माझ्यामुळे झालं."

"मी तर रोज म्हनत व्हते, एका बाईला मी लंगडं केलं." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग पायाने चपला सरळ केल्या. "नवस देवीला बोलला व्हता. तुमाला नाय," त्या म्हणाल्या. "तुमी चालल्या. फिटला." त्यांनी दोन्ही पाय चपलांत घातले. जखमेवर पट्टा लागला तेव्हा तोंड वाकडं झालं. मग माझ्याकडे न बघता ओटा उतरून गोठ्याकडे गेल्या. नव्या चपलांचा आवाज येत राहिला.

मी माफी मागितली, दिलीपच्या पाठीला. तो म्हणाला, "या आता, मॅडम." आवाज मऊ होता. पण तो वळला नाही.

माझे सॅंडल ओट्याच्या कडेला पडले होते. मला अजून वाकता येत नाही. मी काही वेळ उभी राहिले. तो खाली बसायला आला नाही, आणि त्याने का यावं? अरविंद दूर गाडी वळवत होते. मी पायाच्या बोटांनी एक सॅंडल जवळ ओढला, पट्टा धरून कसाबसा उचलला. दुसरा तसाच ठेवला. उचललेला हातात घेऊन मी अनवाणीच अंगणात उतरले.

पहिल्याच पावलाला कळलं. मी वेग वाढवला नाही, वाढवता येतही नव्हता. अर्ध्या अंगणात होते तेव्हा मागून, गोठ्याकडून, हिराबाईंची हाक आली.

"बाई, पाय भाजतील. चप्पल घाला."

मी चालत राहिले.